जलरंग शिकताना: ठाण्यातला अनुभव, खर्चासकट

चाळिशी उलटून गेली आहे, शाळेतल्या चित्रकलेनंतर ब्रश हातात धरलेला नाही, आणि तरी डोंगर, तळी, जुनी घरं, देवळं जलरंगात रंगवायची हौस आहे, अशा माणसांसाठी हे लिहिते आहे. मी बँकेत नोकरी करते, नौपाड्यात राहते. जून 2023 मध्ये रविवारच्या क्लासला जायला लागले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये आमच्या बॅचचं छोटंसं प्रदर्शन झालं. मधल्या काळात काय लागलं, कुठे अडकायला झालं, किती पैसे गेले ते क्रमाने सांगते. सुरू करण्याआधी मी हेच शोधत होते आणि जिकडेतिकडे फक्त पूर्ण झालेली देखणी चित्रं दिसत होती. त्यांनी धीर येण्याऐवजी खचतोच.

शोधाशोध एप्रिलमध्ये सुरू झाली. ठाण्यात चित्रकलेचे क्लास गल्लोगल्ली आहेत, पण बहुतेक ठिकाणी शाळकरी मुलांची एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी चालते. एका क्लासमध्ये काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे ओढून विचारलं, "मुलाचं नाव काय लिहू, मॅडम?" मी म्हटलं, "माझंच लिहा." तिने हसून फॉर्म परत ठेवला, मोठ्यांची बॅचच नव्हती. एका दिवसाच्या कार्यशाळाही पुष्कळ असतात, हजार-दीड हजार रुपयांच्या. सर समोर चित्र करतात, आपण ते टप्प्याटप्प्याने उतरवतो आणि संध्याकाळी एक बरं चित्र घेऊन घरी येतो. दोन-चार तास छान जातात, पण पुढच्या रविवारी एकटीने कोरा कागद घेऊन बसलं की काय करायचं ते कळत नाही. माझं मत विचाराल तर आधी नियमित क्लास, कार्यशाळा नंतर.

शेवटी एका निवृत्त कलाशिक्षकांचा क्लास कळला. रविवारी सकाळी आठ ते अकरा, एका संस्थेच्या वरच्या हॉलमध्ये, फक्त बारा जागा. त्या भरलेल्या होत्या. वहीत नाव-नंबर लिहून आले आणि जवळजवळ दोन महिने काही कळलंच नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला की एक बाई पुण्याला गेल्या, येणार का? प्रवेशाचे पाचशे, तीन महिन्यांची फी सहा हजार, आगाऊ. फॉर्मला दोन फोटो, आधारची झेरॉक्स आणि 'बाहेर चित्रं काढायला जाताना माझी जबाबदारी माझ्यावर राहील' अशा ओळीखाली सही. सुटलेल्या रविवारची भरपाई नाही, हे फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं. बँकेत असल्यामुळे मागची बाजू वाचायची सवय आहे. तुम्हीही वाचा, आणि मार्चअखेर ज्यांना सुट्टी नसते त्यांनी जानेवारी-मार्चची फी भरण्याआधी सरांशी बोलून घ्या.

पहिल्या रविवारी रंगाला हात लावला नाही. सरांनी सामानाची चिठ्ठी दिली आणि ती का तशी आहे ते तासभर सांगितलं. रंग सहाच: अल्ट्रामरीन आणि सेरुलियन हे निळे, यलो ओकर आणि गँबोज हे पिवळे, क्रिमझन हा लाल आणि बर्न्ट सिएना. काळा नाही, पांढरा नाही, तयार हिरवा तर अजिबात नाही. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. काळपट हवं तिथे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करायचे. एक निळा, दुसरा मातकट नारिंगी, दोघे एकमेकांना मारतात आणि मधे राखाडीच्या असंख्य छटा मिळतात. ठाण्याच्या जुन्या भिंती, पत्रे, पावसाळी ढग, रस्ते, सगळं मी आजही याच दोन रंगांतून काढते.

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो बघायची सवय लावून घ्या. पीबी 29 म्हणजे अल्ट्रामरीन, मग कंपनी कुठलीही असो. क्रिमझनच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण पीआर 83 हा जुना अॅलिझरीन क्रिमझन उजेडात उडतो. भिंतीवर लावायचं चित्र असेल तर दुसरा क्रमांक शोधा. रंग मी कॅमलचे आर्टिस्ट ट्यूबमधले घेतले, सहा मिळून सातशे-आठशे गेले. विद्यार्थ्यांसाठीचे रंग स्वस्त पडतात, पण त्यांत रंगद्रव्य कमी आणि भरताड जास्त असतं, त्यामुळे गडद छटा हवी असली की ट्यूब भराभर रिकामी होते. ब्रश तीन: बारा नंबरचा गोल, एक इंची चपटा आणि बारीक रेषांसाठी लांब केसांचा रिगर. सिंथेटिक चालतात, तिन्ही मिळून सहाशेत आले. ड्रॉइंग बोर्ड, मास्किंग टेप, दोन प्लास्टिकचे मग आणि जुन्या सुती साडीचे तुकडे घरचे. दोन मग का, तर एकात ब्रश धुवायचा आणि दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगात घ्यायचं.

पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, ब्रशात वाचवा, कागदात वाचवू नका. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा हवा, मग पाण्याने फुगून त्याच्या फारशा लाटा होत नाहीत, आणि शक्यतो कापसाचा. लाकडाच्या लगद्याचा कागद स्वस्त असतो, पण त्याच्यावर पाणी वरच्यावर राहतं, कुठे लवकर वाळतं, कुठे उशिरा, आणि दुसरा हात फिरवला की खालचा रंग उठून येतो. आपल्याला वाटतं आपला हातच वाईट. कापसाचा कागद पाणी सगळीकडे सारखं पितो आणि बराच वेळ ओला राहतो, म्हणून विचार करायला उसंत मिळते. परदेशी कापसाचा 22 × 30 इंची पूर्ण ताव मी घेतला तेव्हा सहाशेच्या वर होता, देशी हँडमेड दीडशेच्या आत. एका तावाचे चार तुकडे होतात. सरावाला देशी हँडमेड आणि महिन्यातून एकदा चांगल्या कागदाचा चतकोर, अशी माझी विभागणी होती. तावाच्या दोन्ही बाजू वापरता येतात, हे दुकानात कोणी सांगत नाही.

मग सुरू झाला पाऊस आणि वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिन्ही महिने वॉशच. सपाट वॉश, गडदकडून फिकटकडे जाणारा वॉश, ओल्या कागदावर ओला रंग, कोरड्यावर ओला. बोर्डाच्या मागच्या कडेखाली पुस्तक ठेवून थोडा उतार द्यायचा, वरून पहिला पट्टा ओढायचा, त्याच्या खालच्या कडेला रंगाच्या पाण्याची जी ओळ जमते ती पुढच्या पट्ट्यात उचलून खाली न्यायची, शेवटी उरलेला थेंब पिळलेल्या ब्रशने टिपायचा. सांगायला चार वाक्यं. आमच्या बॅचमधले एक निवृत्त इंजिनिअर काका दुसऱ्या महिन्यात म्हणाले, "सर, आकाश झालं, आता खाली काहीतरी काढू द्या की." सर म्हणाले, "आकाश झालेलं नाही."

या काळात मला जे कळलं त्याच्यासाठीच खरं तर हे सगळं लिहिते आहे. जलरंगात रंग ओळखण्याआधी ओल ओळखावी लागते. इंटरनेटवरच्या व्हिडिओत माणूस सांगतो, दोन मिनिटं थांबा आणि मग झाडं टाका. तो माणूस कुठल्यातरी कोरड्या हवेच्या गावात बसलेला असतो. आपल्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता 80-90 टक्के असते; दोन मिनिटांत कागदाचं काही म्हणजे काही होत नाही. पंखा लावला तर पंख्याखालचा भाग आधी वाळतो आणि कडेचा ओलाच राहतो. घड्याळ बाजूला ठेवून कागदाकडे बघायला शिकावं लागतं.

सरांनी ओलीच्या पायऱ्या शिकवल्या त्या अशा. आधी पाणी साचलेलं असतं, बोर्ड तिरका केला की वाहतं. यात टाकलेला रंग कुठेही जातो, फक्त आकाशाला ठीक. मग पाणी वाहत नाही पण कागद आरशासारखा चमकतो. यात ढगांच्या मऊ कडा, धुक्यातले डोंगर होतात. मग चमक जाते आणि नुसती ओल उरते. ही सगळ्यांत धोक्याची आणि सगळ्यांत कामाची वेळ. आता ब्रशात कागदापेक्षा जास्त पाणी असेल, तर ते पाणी आधीचा रंग ढकलत नेतं आणि फुलकोबीसारख्या कडा असलेला डाग उमटतो, तो नंतर जात नाही. याच वेळी ब्रश टिपून घेऊन दाट रंग लावला, तर लांबची झाडं इतकी सुंदर बसतात की आपणच केली यावर विश्वास बसत नाही. त्यानंतर कागद दिसायला कोरडा होतो, पण बोटांची मागची बाजू टेकवली तर गार लागतो, कारण आतलं पाणी अजून उडतं आहे. गार लागतो तोवर दुसरा वॉश द्यायचा नाही. पाक एकतारी झाला की नाही हे जसं बोटांनाच कळतं, तसं काही महिन्यांनी हेही कळायला लागतं.

हेअर ड्रायर वापरायला हरकत नाही, पण चमक गेल्यावरच, नाहीतर वाऱ्याने रंग सरकतो. आणि वाळल्यावर रंग एक पायरी फिका होतो, हे धरूनच लावायचा. सरांचं पालुपद होतं, "ओला असताना थोडा जास्तच वाटला पाहिजे."

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट म्हणजे कागद खराब होणं. कागदाला पाणी एकदम शोषू नये म्हणून सरसासारखा लेप दिलेला असतो. दमट हवेत बुरशी तो लेप खाते आणि तसा कागद टीपकागदासारखा वागतो, वॉशमध्ये गडद ठिपके पडतात. ताव प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, गादीखाली नाही तर कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. पावसाळ्याआधी घाऊक कागद घेऊन ठेवू नका.

सप्टेंबरअखेर मला क्लास सोडावासा वाटत होता. ऑफिसात कोणी विचारलं, काय काढता हल्ली, तर दाखवायला एक चित्र नव्हतं, नुसते निळे-करडे आयत. घरी सासूबाई म्हणाल्या, "इतकं पाणी वापरतेस, एखादी नदी तरी काढ." पण दुसऱ्या तिमाहीची फी भरून झाली होती. अशा वेळी आगाऊ भरलेल्या पैशांचा उपयोग होतो.

याच सुमारास सरांनी एका रविवारी जुन्या चित्रकारांच्या चित्रांच्या छापील प्रती आणल्या. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं दिवा हातात धरलेल्या स्त्रीचं चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते तैलरंगातलं असणार असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं, आणि ते जलरंगातलं आहे. चित्रकार सय्यद हैदर रझा म्हटल्यावर आम्हाला फक्त त्यांच्या चित्रांतला बिंदू आठवत होता. त्यांनी 1940 च्या दशकात मुंबईचे रस्ते आणि इमारती जलरंगात रंगवल्या होत्या, हेही तेव्हाच कळलं. ओल्या छपरांची, ओल्या रस्त्यांची चित्रं. आपल्या हवेत, आपल्या पावसात कोणीतरी हे करून ठेवलं आहे, याने मला व्हिडिओंपेक्षा जास्त बळ आलं.

दिवाळीनंतर इमारती. परस्पेक्टिव्हचा, म्हणजे जवळचं-लांबचं कागदावर दाखवण्याच्या नियमांचा धसका सगळ्यांना असतो, पण निसर्गचित्राला लागतो तेवढा भाग दोन रविवारांत होतो. पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरा, ती जिथे इमारतीला छेदते ती तुमची नजरेची रेषा. तिच्या वरच्या कडा लांब जाताना खाली उतरतात, खालच्या कडा वर चढतात. स्टुलावर बसलात की रेषा खाली येते, उभं राहिलात की वर जाते, म्हणून चित्र संपेपर्यंत एकाच स्थितीत राहायचं. बाकी सगळं निरीक्षण.

जड गेलं ते वेगळंच: सोडून देणं. कौलारू छप्पर दिसलं की हात प्रत्येक कौल काढायला धावतो. सर डोळे अर्धवट मिटून बघायला लावायचे. डोळे किलकिले केले की कौलं, गज, जाळ्या, वायरी सगळं विरघळतं आणि उजेड, मधली छटा, अंधार एवढे तीनच तुकडे उरतात. चित्रही तीनच टप्प्यांत करायचं. पहिला वॉश फिकट आणि उबदार, ओकर-क्रिमझनचा, आकाशापासून रस्त्यापर्यंत सलग, फक्त उन्हातल्या पांढऱ्या जागा सोडून. तो पूर्ण वाळला की सावली. छपराखालची, भिंतीवरची, रस्त्यावर पडलेली सावली वेगवेगळी रंगवायची नाही. एकच पातळ निळसर-जांभळा वॉश सगळ्यांवरून एका दमात ओढायचा, खालचे रंग त्यातून दिसत राहतात. शेवटी अगदी थोडे गडद फटकारे, दाराच्या आतला काळोख, खिडकीची एक फट. हा दुसरा टप्पा जमला त्या दिवशी माझ्या कागदावर पहिल्यांदा ऊन पडलं. डिसेंबर होता, आणि ते चित्र चाळीतल्या एका जिन्याचं होतं.

जानेवारी 2024 पासून बाहेर जायला लागलो. पहिली जागा अर्थातच तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ. सूर्य सातनंतर वर येतो, आम्ही साडेसहाला जमायचो. मासुंदा तलावाच्या मधलं छोटं शिवमंदिर सुरुवातीला सोपं पडतं: भोवती पाणी, मागे झाडं आणि इमारतींची एक निळसर पट्टी. प्रतिबिंबं ओल्यावर ओली, खाली ओढत, आणि वाळल्यावर एक-दोन आडव्या कोरड्या ब्रशच्या रेघा, एवढ्यात पाणी होतं. कोपिनेश्वराचं देऊळ अवघड. आजचं देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी 1760 च्या सुमाराला बांधलं. भोवती इतकी गजबज आहे की पूर्ण देऊळ मोकळं कुठूनच दिसत नाही. सरांनी सांगितलं, जेवढं दिसतं तेवढंच काढा, मधे फुलवाल्याची ताडपत्री येते तर येऊ द्या. माझ्या चित्रात ताडपत्रीच जास्त आहे.

ऊन दोन तासांत बदलतं. म्हणून पोहोचल्यावर आधी सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून घ्यायच्या आणि नंतर ऊन कुठेही जाऊ दे, आखलेल्या सावल्याच रंगवायच्या.

बाहेरची व्यवहारातली माहिती. घडीचं स्टूल तीनशे-चारशेला मिळतं. पाण्याची लिटरभर बाटली प्यायच्या बाटलीपेक्षा वेगळ्या रंगाची ठेवा. कागदावर थेट ऊन नको, डोळे दिपतात आणि रंग फार गडद लागतात. सावलीत बसून उन्हातलं बघायचं. बायकांनी बसण्याआधी जवळ स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवावं, तीन तास जातात. लोक मागे उभे राहतात, राहू द्यावं. "किती घेता एका चित्राचे?" आणि "माझा भाचापण खूप छान काढतो" ही दोन वाक्यं प्रत्येक ठिकाणी ऐकू येतात.

परवानगीचंही सांगते. रस्त्यावर, तलावाकाठी, बागेत कोणी काही म्हणत नाही. एखाद्या आवारात बसलात की रखवालदार येतो. एका जुन्या वास्तूच्या आवारात आम्ही स्टुलं मांडली आणि पाच मिनिटांत उठावं लागलं, लेखी परवानगी नव्हती. मग क्लासच्या लेटरहेडवर अर्ज केला: कोण, किती जण, कुठल्या तारखा, किती ते किती वाजता, कशासाठी, आणि सोबत सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोहोच घेतली, ती फार कामाला आली, कारण पहिली प्रत तीन आठवड्यांनी कुणालाच सापडत नव्हती. महिन्याभराने होकार आला. प्रार्थनेच्या वेळा सोडून, फरशीवर पाणी न ओतता, वाट न अडवता. तेव्हापासून त्या पत्राच्या दोन झेरॉक्स माझ्या चित्रांच्या पिशवीत कायम असतात. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतला, त्याची काळ्या दगडाची भिंत रंगवायचा मोह होतो, पण आत मध्यवर्ती कारागृह आहे. तिथे स्टूल मांडायच्या भानगडीत पडू नका.

मला सगळ्यांत आवडलेली जागा म्हणजे स्टेशनजवळचा चेंदणी कोळीवाडा. अरुंद गल्ल्या, काही अजून कौलारू घरं, दोरीवर वाळणारे कपडे. एक आजी बराच वेळ मागे उभ्या होत्या, शेवटी म्हणाल्या, "गो बाय, माजा घर यवरा वाकरा हाय का?" घर सरळच होतं. मी म्हटलं, "आजी, माझा हात वाकडा आहे, घर नाही." त्यांनी बसायला पाट आणून दिला. खाडीवर चित्र काढायला कधी यावं, हे तिथल्याच एका काकांनी शिकवलं. भरतीचं भरलेलं पाणी हवं की ओहोटीचा चकचकीत चिखल, हे आधी ठरवायचं आणि तिथीची पाऊणपट करायची: अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. ठाण्यापर्यंत खाडीत पाणी चढायला त्यावर थोडा वेळ जास्त लागतो. कॅलेंडरमध्ये तिथी असतेच. मला ओहोटी आवडली. चिखलावर पडलेलं आकाश रंगवायला पाण्यापेक्षा सोपं आहे, आणि जुन्या कळवा पुलाच्या कमानींखाली तो करडा रंग अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून आपोआप दाणेदार होतो.

उन्हाळा फारसा हाती लागला नाही. साडेनऊनंतर रंग पॅलेटवरच वाळायचा आणि वॉश अर्ध्यात अडकायचा. घोडबंदरला एकदा गेलो, किल्ल्यावरून खाडी सुंदर दिसते, चित्रं कोणाचीच झाली नाहीत.

2024 चा पावसाळा येऊरच्या डोंगराच्या हिरव्यात गेला. पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला, छपराखाली बसून. हिरवा हा जलरंगातला सगळ्यांत फसवा रंग, सगळीकडे तोच असल्यामुळे चित्र सपाट होतं. जवळच्या झाडांत गँबोज जास्त, मधल्यांत बर्न्ट सिएनाचा एक थेंब, लांबच्या डोंगराला जवळजवळ नुसता निळा, कारण मधल्या हवेने तो तसाच दिसतो. ढग उतरले की डोंगराची वरची कड ओल्या कागदावर सोडून द्यायची. आदल्या वर्षीचे ते कंटाळवाणे निळे-करडे आयत इथे उपयोगी पडले. इंजिनिअर काका म्हणाले, "आता आकाश झालं का, सर?" सर म्हणाले, "आता जरा बरं आहे."

प्रदर्शनाची कल्पना सरांची. सप्टेंबर 2024 मध्ये एका सार्वजनिक सभागृहाच्या छोट्या दालनासाठी अर्ज केला. सोबत सहभागींची यादी, चित्रांची संख्या आणि मापं, संस्थेचं पत्र. पत्राचं उत्तर नोव्हेंबरमध्ये आलं, तारखा फेब्रुवारीच्या. भाडं आणि अनामत एनईएफटीने, वर 'भिंतींना खिळे मारणार नाही' असं हमीपत्र स्टॅम्पपेपरवर. अर्ज केला तेव्हा त्याला शंभरचा स्टॅम्पपेपर लागेल असं सांगितलं होतं. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने तो पाचशेचा केला, म्हणून पाचशेचा आणावा लागला. दर बदललाय का ते आदल्या दिवशी विचारून घ्यावं. भाड्याचा माझा वाटा अडीच हजार.

फ्रेमिंगचा खर्च मात्र कुणी धरलेला नसतो. अर्ध्या तावाच्या चित्राला माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) आणि काचेऐवजी अॅक्रिलिक शीट, असं मिळून साधारण पंधराशे. माउंट हवंच, कारण चित्र काचेला चिकटलं तर दमट हवेत डाग पडतात. मी चार चित्रं फ्रेम केली. फ्रेमवाल्याला जानेवारीतच द्या. लग्नसराईत तो फोटोंमध्ये गुंतलेला असतो. नावाच्या पट्ट्या आम्ही घरच्या प्रिंटरवर छापल्या: शीर्षक, माध्यम, माप, नाव. किंमत लिहावी का यावर आमच्यात जेवढा वाद झाला तेवढा रंगांवरून कधी झाला नव्हता. शेवटी किंमत हवी त्याने लिहावी असं ठरलं. मी लिहिली नाही.

तीन दिवसांत बरीच माणसं आली, निम्मी नातेवाईक. सासूबाई कळवा पुलाच्या चित्रासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "ही नदी ना?" मी म्हटलं, "खाडी." काकांचं येऊरचं चित्र विकलं गेलं, माझी चारही घरी आली. एक बाई मात्र ताडपत्रीवालं कोपिनेश्वर बघून म्हणाल्या, "मी याच फुलवाल्याकडून हार घेते."

माझा एकूण खर्च: फी जवळजवळ चाळीस हजार, रंग-ब्रश-कागद मिळून दहाच्या आसपास, फ्रेम सहा, भाडं अडीच. यातली फी सोडली तर बाकीचं हळूहळू जातं, एकदम जड वाटत नाही. घरी बसून शिकायचं असेल तर कागदाचे पैसे तेवढे ठेवा.

दालनाची अनामत परत मिळायला एप्रिल उजाडला. रद्द केलेला चेक, हॉल रिकामा करून दिल्याचा रखवालदाराच्या सहीचा कागद आणि अनामतीची मूळ पावती लागते. पावतीची झेरॉक्स चालत नाही. आमची मूळ पावती सरांच्या पॅलेटच्या डब्यात सापडली, तिच्यावर बर्न्ट सिएनाचा डाग होता. क्लार्कने ती उजेडात धरून बघितली, शिक्का दिसतो ना याची खात्री केली आणि घेतली.